झोळीचे दोन आधार



उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की हल्ली आपल्या शहरांतून पुष्कळ मंडळी तंबू, पथाऱ्या आणि शेगडी गाडीत भरून पवनेच्या धरणाकाठी किंवा भंडारदऱ्याला मुक्कामाला निघतात. ह्या सामानात अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे हॅमॉक, आणि ते टांगण्यासाठी घडी करून नेता येणारा लोखंडी सांगाडा, ज्याला दुकानदार स्टँड म्हणतो. हॅमॉक म्हणजे आपल्या भाषेत माणूस मावेल एवढी झोळी. दुकानात गेले की रंग कोणता, कापड कोणते, किंमत किती, ह्याची चौकशी होते. परंतु ह्या वस्तूला पाचशे वर्षांहून अधिक काळाचा लिखित इतिहास आहे, आणि तो ठाऊक असेल तर निवडही अधिक शहाणपणाची होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आज तो इतिहास आपल्यापुढे मांडावा असे मी योजिले आहे.

आरंभीच एक सूत्र सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे विवेचन हरवणार नाही. ह्या पाचशे वर्षांत झोळी फारशी बदललेली नाही. कापडाचा किंवा जाळीचा एक लांब पट्टा, दोन्ही टोकांना दोर, एवढाच तिचा संसार. बदलले ते तिचे आधार. ती प्रथम झाडाला आणि घराच्या खांबाला बांधली गेली, मग जहाजाच्या तुळईला, मग माणसांच्या खांद्यावरच्या दांड्याला, आणि शेवटी ह्या लोखंडी स्टँडला. म्हणून ह्या इतिहासाच्या प्रत्येक पानावर आपण एकच प्रश्न विचारू: निजणारा सुखाने निजला खरा, पण त्याचा भार कोणी वाहिला?

१४९२ च्या ऑक्टोबर महिन्यात कोलंबस बहामा बेटांवर पोचला. तो निघाला होता पूर्वेकडच्या देशांचा मार्ग शोधायला, आणि आपण त्या देशांजवळच आलो आहोत अशी त्याची समजूत होती. त्याच्या रोजनिशीची मूळ प्रत हरवली. बार्तोलोमे दे लास कासास ह्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने केलेला तिचा गोषवारा तेवढा उरला आहे. त्यात १७ ऑक्टोबरच्या नोंदीत एका बेटावरच्या घरांचे वर्णन येते. घरे आतून झाडूनलोटून स्वच्छ ठेवलेली होती आणि तिथल्या लोकांची अंथरुणे सुती जाळ्यांसारखी होती, असे त्यात म्हटले आहे. युरोपच्या लेखी हॅमॉकचा जन्म तो हा. ज्यांच्या घरी ते टांगलेले होते, त्यांच्या लेखी मात्र ते वाडवडिलांपासून चालत आलेले अंथरूण होते.

हे लोक ताइनो. त्यांच्या भाषेत ह्या शय्येला ‘हामाका’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. इंग्रजीत त्याचे ‘हॅमॉक’ झाले. डच लोकांनी तर गंमतच केली. त्यांनी त्या परक्या ध्वनीत आपल्याच भाषेतले दोन शब्द ऐकले आणि त्याचे ‘हांगमाट’, म्हणजे ‘टांगलेली चटई’, करून टाकले. ताइनोंचे आणखी काही शब्द असेच जगभर गेले. त्यांतला एक तर आपल्या स्वयंपाकघरात रोज उच्चारला जातो. तो शब्द ‘बटाटा’. ताइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. पोर्तुगीजांबरोबर हा शब्द आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि रताळ्याला सोडून दुसऱ्याच कंदाला चिकटला. तेव्हा ताइनो हे नाव आपण आज प्रथम ऐकत असलो, तरी त्यांच्याशी आपली तोंडओळख जुनी आहे.

त्यांनी अशी शय्या का पसंत केली असावी? त्या बेटांवर पाऊस पुष्कळ, जमीन ओली, किडामुंगीचा उपद्रव फार आणि हवा उष्ण. जमिनीपासून हात-दीड हात वर टांगलेल्या जाळीत निजले की ह्या साऱ्यांतून सुटका होते आणि वारा खालूनवरून खेळतो. कापूस त्यांच्या परसात पिकत होता, आणि दोरासाठी चिवट पानांचे वाख मिळत. शिवाय सकाळी शय्या काढून गुंडाळली की घर रिकामे, आणि प्रवासाला निघताना तीच पाठीवर टाकली की बिछाना बरोबर. मुक्कामाला जाताना आपण आज जी सोय विकत घेतो, ती त्यांची नित्याची होती.

गोन्झालो फर्नांदेझ दे ओव्हिएदो हा स्पॅनिश अंमलदार १५१४ साली अमेरिकेत गेला. आपल्या लेखनात त्याने हॅमॉकची रचना बारकाईने सांगितली, ती बरोबर नेणे किती सोपे आहे हे लिहिले, आणि युद्धावरच्या सैनिकांना अशा शय्या दिल्या तर हिवाळ्यात उघड्या जमिनीवर निजून माणसे दगावणार नाहीत, अशी सूचनाही केली. बिछान्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहणारी ही नजर लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे ती एका मोठ्या आरमाराला सुचली, पण त्याला आणखी अनेक दशके जावी लागली.

परंतु ओव्हिएदो जेव्हा हे लिहीत होता, तेव्हा ज्यांनी ही शय्या घडवली त्यांचे काय झाले होते? १४९५ च्या सुमारास कोलंबसाने हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक ह्यांच्या भूमीवर, ताइनोंवर खंडणी बसवली. सोन्याच्या मुलखातल्या चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातल्या घुंगरूभर सोने आणून द्यावे, आणि जिथे सोने नाही तिथे माणशी पंचवीस पौंड कापूस द्यावा, असा तो हुकूम होता. म्हणजे ज्या कापसाची शय्या विणायची, तोच कापूस आता खंडणीत जाऊ लागला. खंडणीमागून सक्तीची मजुरी आली, शेती बसली, उपासमार झाली आणि १५१८ च्या अखेरीस देवीची साथ आली. १५१४ साली बेटावरचे लोक स्पॅनिश मालकांना वाटून देण्यासाठी मोजले गेले, तेव्हाच त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास उतरली होती. कोलंबस आला तेव्हा ती त्याहून कितीतरी अधिक होती. ताइनो पार नामशेष झाले असे पुढे पुष्कळ दिवस लिहिले जाई. ते पूर्णतः खरे नाही. पोर्तो रिको आणि आसपासच्या बेटांवरील आजच्या लोकांच्या रक्तात त्यांचा अंश आहे हे आता शास्त्रीय तपासणीने दिसले आहे, आणि स्वतःला ताइनो म्हणवणारे लोक आजही आहेत. परंतु गावेच्या गावे ओसाड पडली हे खरेच. ज्यांनी जगाला विसाव्याचे साधन दिले, त्यांचाच विसावा हिरावून घेतला गेला.

आता आपण दक्षिणेकडे, ब्राझीलच्या किनाऱ्याकडे वळू, कारण त्या वाटेवर आपला मलबार लागतो. १५०० साली पेद्रो आल्व्हारिश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानकडे निघाला असता वाटेत ब्राझीलला लागला. त्याच्या ताफ्यात पेरो व्हाझ दे कामिन्या नावाचा एक लेखनिक होता. त्याने राजाला धाडलेल्या पत्रात तिथल्या लोकांच्या लांबलचक घरांचे वर्णन आहे. घरात खांब पुष्कळ, खांबाखांबाला जाळ्या टांगलेल्या, त्या जाळ्यांत माणसे निजतात, आणि ऊब यावी म्हणून जाळ्यांखाली विस्तव पेटवून ठेवतात. कामिन्याला ह्या वस्तूचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून मासे धरण्याच्या जाळ्यासाठी जो पोर्तुगीज शब्द आहे तोच, ‘रेदे’, त्याने वापरला. ब्राझीलमध्ये हॅमॉकला आजही ‘रेदे’ म्हणतात. हाच ताफा त्याच वर्षी सप्टेंबरात कालिकतला पोचला. तिथे डिसेंबरमध्ये पोर्तुगीज वखारीवर हल्ला झाला आणि त्यात कामिन्या मारला गेला असे मानतात. ब्राझीलच्या झोळीला नाव देणारा माणूस त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावर मातीआड झाला, हा इतिहासातला एक विलक्षण योग म्हटला पाहिजे. जाळीखालच्या त्या विस्तवाची गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

घराच्या खांबावरून झोळी गेली ती जहाजावर. तोवर युरोपच्या जहाजांवर साधा खलाशी जागा मिळेल तिथे, फळ्यांवर, बहुधा ओल्या कपड्यांनीच निजत असे. टांगून निजण्याची कल्पना युरोपात कोणाला सुचलीच नव्हती असे नाही. प्लुटार्कने अल्सिबायडीझ ह्या अथेन्सच्या सेनानीच्या चरित्रात लिहिले आहे की, त्याने आपल्यासाठी जहाजाच्या फळ्या कापवून घेतल्या आणि बिछाना दोरांवर टांगून घेतला. पण तो एका विलासी माणसाचा षोक ठरला. वल्ही मारणाऱ्यांना तशी शय्या द्यावी असे कोणाच्या मनात आले नाही. ताइनोंची गोष्ट निराळी होती. त्यांच्याकडे ती घरोघर होती, स्वस्त होती, म्हणून पाहणाऱ्या खलाशाला ती आपल्याजोगी वाटली. अमेरिकेच्या वाऱ्या करणाऱ्या खलाशांनी सोळाव्या शतकात ती आपलीशी केली, आणि १५९७ साली इंग्लंडच्या आरमाराने खलाशांसाठी टांगत्या शय्या शिवायला सरकारी खर्चाने जाड कापड घेण्याची मंजुरी दिली. माणसांचे आरोग्य टिकावे हे कारण त्या मंजुरीत दिलेले आहे.

जहाजावर हॅमॉक इतके का रुजले? जहाज डाव्याउजव्या अंगाला कलते तेव्हा फळीवर निजलेला माणूस घरंगळतो. पण नाळेकडून पिछाडीकडे अशी लांबीच्या दिशेने झोळी टांगली, तर जहाज कलते आणि झोळी आपली ओळंब्यासारखी सरळ राहते. दुसरे कारण जागेचे. लढाऊ जहाजावर तोफांच्या मजल्यावरच निजावे लागे. दिवसा तिथे तोफा चालवायच्या, जेवायचे, कवायत करायची. रात्री तुळयांच्या आकड्यांना हॅमॉक लटकले की तेच शयनगृह. इंग्रजी आरमारात दर माणशी चौदा इंच रुंदीची जागा ठरलेली होती. चौदा इंच म्हणजे आपली वीत-दीड वीत! मात्र खलाशांच्या दोन पाळ्या असत आणि एक पाळी कामावर असताना तिच्या जागा रिकाम्या राहत, त्यामुळे प्रत्यक्षात अठ्ठावीस इंच मिळत. १८०५ साली ट्राफल्गारला लढलेल्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर आठशेहून अधिक माणसे होती. हॅमॉक नसते तर ती तिथे मावलीच नसती.

सकाळी शिटी झाली की प्रत्येकाने आपले हॅमॉक सोडायचे, दोराने आवळून त्याची वळकटी करायची आणि ती वर कठड्यालगतच्या जाळ्यांत रचून ठेवायची. ह्याने बिछान्याला हवा लागे. शिवाय लढाईत त्या वळकट्यांची भिंत बंदुकीच्या गोळ्या आणि उडणारे लाकडाचे कपचे अडवी. आणि खलाशी मेला तर त्याला त्याच्याच हॅमॉकमध्ये शिवून, पायाशी तोफेचे गोळे बांधून समुद्रात सोडत. ज्यात झोपायचे, ज्याच्या आडोशाला लढायचे, त्यातच शेवटचा प्रवास करायचा. इंग्रजी आरमारात ही शय्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू तिची जागा पक्क्या बाकड्यांनी घेतली. आता आपला प्रश्न विचारू. इथे भार कोणी वाहिला? जहाजाच्या तुळयांनी. निजणारा गरीब होता, पुष्कळदा जबरीने पकडून आणलेला होता. पण त्याचा भार दुसऱ्या माणसावर नव्हता.

तसा तो पडला ते प्रकरण आता सांगायचे आहे, आणि ते आपल्या दाराशी घडले आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, गोमंतकापासून मलबारापर्यंत, एका बांबूला झोळी टांगून तीत माणूस बसवून नेण्याची जुनी चाल होती. मलबारात तिला ‘मंचिल’ म्हणत, आणि कोशकार ह्या शब्दाचे नाते संस्कृत ‘मंच’ शब्दाशी लावतात. आपल्या माच-माचाचेच हे भावंड. पोर्तुगीजांनी त्याचे ‘माशिला’ केले. गोव्यात जमीनदार, अंमलदार आणि पाद्री माशिलात बसून फिरत, आणि भोई दांडा खांद्यावर घेऊन पळत. हा शब्द तिथेच थांबला नाही. पोर्तुगीजांबरोबर तो आफ्रिकेत गेला. मोझांबिक आणि मलावी ह्या देशांत एकोणिसाव्या शतकातले गोरे प्रवासी आणि मिशनरी ज्या झोळीत बसून आफ्रिकी हमालांच्या खांद्यावरून जात, तिचेही नाव माशिलाच. आपल्या किनाऱ्याने जगाला मसाले दिले हे आपण अभिमानाने सांगतो. खांद्यावरच्या झोळीचा हा शब्दही दिला, हेही सांगितले पाहिजे.

ब्राझीलमध्येही तेच झाले. ज्या ‘रेदे’मध्ये तिथले मूळ रहिवासी खांबाला टांगून निजत, तीच मळेवाल्यांनी दांड्याला बांधली आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या खांद्यावर दिली. देब्रे हा फ्रेंच चित्रकार १८१६ ते १८३१ ब्राझीलमध्ये राहिला होता. त्याच्या एका चित्रात मळ्यावरून शहरात परतणारा धनी हॅमॉकमध्ये आरामात बसला आहे आणि दोन गुलाम पुढेमागे दांडा पेलत चालले आहेत. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद व्हायला १८८८ साल उजाडावे लागले. त्याच देशाच्या दुष्काळी भागात गरिबाला शवपेटी परवडत नसे; त्याचे प्रेतही त्याच्या रेदेत घालून, दांड्याला लावून स्मशानात नेत. म्हणजे धन्याला जिवंतपणी आणि गरिबाला मेल्यावर खांदा मिळे. झोळी एकच, दांडा एकच. पण आत कोण आणि खांदा कोणाचा, ह्यावरून समाजाची सारी रचना वाचता येते.

आधाराचा हा प्रश्न एका शास्त्रज्ञाने मात्र निर्मळपणे सोडवला. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन संशोधक १८०० साली ओरिनोको नदीच्या खोऱ्यात हिंडत होता. रात्री हॅमॉक बांधायचे, सभोवती वाघरांच्या भीतीने विस्तव पेटवायचे, असा त्याचा क्रम. आपुरे नदीच्या वाळवंटावर एका मुक्कामी जवळपास झाडच मिळेना. तेव्हा त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी होडीची वल्ही वाळूत रोवली आणि त्यांना हॅमॉक बांधले. झाड नाही, घर नाही, तर आधारच बरोबर आणलेला आहे! आजच्या स्टँडचा पूर्वज मला ह्या वल्ह्यांत दिसतो.

विसाव्या शतकात युद्धांनी हॅमॉक पुन्हा रानात नेले. १९४२ साली अमेरिकन सैन्याने पॅसिफिकच्या जंगलांसाठी डोक्यावर पावसाचे छत आणि सभोवार मच्छरदाणी शिवलेले हॅमॉक तयार केले. ओव्हिएदोची सूचना चारशे वर्षांनी अमलात आली म्हणायची. त्यातून घाईने बाहेर पडणे अवघड, ही सैनिकांची तक्रार होती. व्हिएतनामच्या युद्धात उत्तरेकडचे सैनिक महिनोन् महिने डोंगररानातून चालत, तेव्हा हॅमॉक त्यांच्या पाठीवरच्या मोजक्या सामानात असे. युद्ध संपले आणि त्या देशात हॅमॉकने शहरी रूप घेतले. घडीच्या लोखंडी चौकटीवर टांगलेले हॅमॉक तिथे घरोघर दिसते, आणि हमरस्त्यांलगतच्या कॉफीच्या दुकानांत रांगेने टांगलेल्या हॅमॉकमध्ये वाटसरू घटकाभर डोळा लावतात. थोरामोठ्यांसाठी नव्हे, तर ट्रक हाकणाऱ्यासाठी ही सोय आहे, हे मला फार चांगले वाटते.

एक शंका आपल्यापैकी कोणी काढील. आपल्याकडे कापूस होता, दोर होते, झाडे होती. मग मोठ्या माणसाने झोळीत निजण्याची रीत आपल्याकडे का रुजली नाही? माझ्या मते त्याचे उत्तर आपल्या बाजेत आहे. सुंभाने विणलेली बाज ओल्या जमिनीपासून वर उचलते, खालून वारा येऊ देते, आणि तिला झाड लागत नाही. बाज म्हणजे चार पायांवर उभी केलेली जाळीच होय. झोळी आपण तान्ह्या मुलासाठी राखली. शेतावर काम करणारी बाई बांधाच्या झाडाला जुने लुगडे बांधून त्यात मूल निजवते, तेव्हा ती ताइनो बाईहून वेगळे काही करीत नाही.

आता निवडीकडे येतो. पहिला विचार आधाराचा. झोळीत बसलेल्या माणसाचा भार सरळ खाली जातो असे आपल्याला वाटते, परंतु दोन्ही दोर आधाराला आतल्या बाजूला ओढत असतात. दोर आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करून उतरत असेल, तर सत्तर किलोच्या माणसासाठी प्रत्येक दोरावर सत्तर किलोंचा ताण येतो. झोळी सरळ दिसावी म्हणून दोर ताणून कोन दहा अंशांवर आणला, तर तोच ताण दोनशे किलोंवर जातो. ताणून बांधलेली झोळी सुखाची असेल हा भ्रम आहे. ती आधार मोडते आणि निजणाऱ्याला उलटवते. ताइनो आणि ब्राझीलवासी झोळी सैल बांधत आणि तीत सरळ न निजता थोडे तिरपे निजत. तिरपे निजले की कापड पसरते आणि पाठ सपाट राहते.

दुसरा विचार झोळीच्या जातीचा. दोन्ही टोकांना लाकडी दांडी लावून पसरट केलेली झोळी दुकानात देखणी दिसते. ही दांडी मागाहून आलेली आहे. अशी झोळी उथळ ताणावी लागते, म्हणून लवकर उलटते, आणि तिला बारा ते पंधरा फुटांचा लांबलचक स्टँड लागतो. बिनदांडीच्या जुन्या पद्धतीच्या झोळीला नऊ फुटांच्या आसपासचा स्टँड पुरतो. मुक्कामाला न्यायची तर दुसरीच घ्यावी. झोळी आणि स्टँड वेगवेगळे घेत असाल, तर दोन्हींची लांबी जुळते का हे आधी पाहावे.

तिसरा विचार स्टँडचा. त्याच्या दोन्ही उभ्या भागांना दोर आत ओढतात, आणि खालची आडवी दांडी त्यांना परस्परांपासून दूर धरून ठेवते. सारा जोर त्या दांडीवर आणि तिच्या सांध्यांवर असतो. म्हणून विकत घेताना रंग न पाहता सांधे पाहावेत. नळीत नळी घट्ट बसते का, खिळ पुरती शिरते का, पाय रुंद आहेत का, हे पाहावे. भारक्षमता आपल्या वजनाहून बरीच अधिक असावी, कारण माणूस झोळीत अलगद बसत नाही, धपकन बसतो. पोलादी स्टँड बहुधा दहा किलोंहून जड असतो. गाडी मुक्कामापर्यंत जाणार असेल तर तो चालेल; गड चढायचा असेल तर त्याचे नाव काढू नये. हलके स्टँड मिळतात, पण ते महाग असतात आणि त्यांना जमिनीत खुंट्या ठोकून ताण द्यावा लागतो. आपल्या सह्याद्रीच्या कातळावर खुंटी शिरत नाही. ओल्या गाळाच्या काठावर पाय रुततात, तिथे पायांखाली फळी द्यावी. आणि जे काही घ्याल ते घरी एकदा उभे करून पाहावे. झोळीची उंची अशी ठेवावी की बसल्यावर बूड जमिनीपासून हातभरच वर राहील.

झाडाला बांधायची असेल, तर बारीक दोर कधी बांधू नये. तो सालीत रुतून झाडाचा रस वाहणारा थर जखमी करतो. तीनचार बोटे रुंद पट्टा वापरावा, आणि मनगटाएवढ्या कोवळ्या झाडाला किंवा वाळल्या खोडाला हात लावू नये. देवराईत तर आपल्या पूर्वजांनी काटकीसुद्धा उचलली नाही. तिथे दोर बांधणे शोभत नाही. कोकणात माडांची जोडी मोहात पाडते, पण वर नारळ आहेत की नाहीत हे आधी पाहावे. न्यूटनला सफरचंदाने भागले, आपल्याला नारळाने भागणार नाही.

आणि आता तो जाळीखालचा विस्तव. झोळीत खालून वारा लागतो. हीच तिची उन्हाळ्यातली गोडी, आणि भंडारदऱ्याच्या पहाटे हाच तिचा दोष. अंगावर तीन पांघरुणे घेतली तरी पाठ गारठते, कारण खाली दबलेल्या पांघरुणात हवा राहत नाही. कामिन्याने पाहिलेल्या लोकांना हे ठाऊक होते, म्हणून ते ऊब खालून देत. आपण विस्तव ठेवू नये, हल्लीचे नायलॉन क्षणात पेटते. पण पाठीखाली जाड चटई किंवा झोळीच्या बाहेरून खाली टांगलेली गोधडी अवश्य असावी.

श्रोतेहो, एक शेवटचे सांगून आपली रजा घेतो. पालघर, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतल्या कित्येक पाड्यांवरून आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाईला चादरीची झोळी करून, बांबूला बांधून, चार माणसे मैलोगणती खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणतात, अशा बातम्या आजही वर्तमानपत्रांत येतात. ते खांदे गुलामांचे नाहीत. ते शेजाऱ्यांचे आहेत आणि आपखुशीने पुढे झालेले आहेत. त्या माणुसकीला माझा नमस्कार. परंतु ज्या राज्यात मौजेच्या झोळीला लोखंडाचा आधार विकत मिळतो, त्या राज्यात जिवाच्या झोळीला अजून माणसाचाच खांदा लागावा, ही त्या शेजाऱ्यांची थोरवी असली तरी आपल्या सर्वांची उणीव आहे. तिथे जायला रस्ता हवा, ओढ्यावर पूल हवा, जवळ दवाखाना हवा. स्टँड अवश्य घ्या, पारखून घ्या, सुखाने झोके घ्या. मात्र दोर बांधून झाला की एकवार त्या दोन आधारांकडे पाहा आणि मनाशी तो जुना प्रश्न विचारा. आपला भार कोणी वाहावा हे ज्याला कळले, त्याला दुसऱ्याचा भार कधी उचलावा हेही कळेल.